डब्यातली चिठ्ठी माझी होती

रविवार, २९ जून
मुलुंड पूर्व

श्रुतिका,

ती चिठ्ठी निहारने नाही लिहिली. मी लिहिली.

बस, सांगून टाकलं. फाडायचं असेल तर फाड, पण आधी पुढचं वाच. तू मला ब्लॉक केलंयस म्हणून पत्र. वेंगुर्ल्याच्या आत्याचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला, म्हटलं श्रुतिकाला पुस्तक पाठवायचंय. प्रेमाकाकूंनी असं बघितलं की माझ्याकडे पुस्तक असणं हाच मोठा जोक आहे. याआधी मी पत्र लिहिलं ते आठवीत, मुख्याध्यापकांना, पोटात दुखतंय म्हणून. ते पण खोटंच होतं.

आज सकाळी काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "काल निहारचा फोन आलेला आत्याकडे. त्या चिठ्ठीचं कबूल केलंन त्याने. श्रुतिका आधी रडली, मग म्हणाली जाऊ दे. चांगला मुलगा आहे हो. हल्ली कोण एवढं कबूल करतं?"

मी दुधाची पिशवी हातात धरून तिथेच उभा. चिठ्ठी माझी, अक्षर माझं, आणि माफी त्याला. पिशवी गळत होती ते पण दोन मजले चढल्यावर कळलं. आई म्हणाली, "मेल्या, दूध हाडलंस की जिनो धुतलंस?"

तू चौदा तारखेनंतर इंग्लिशच्या क्लासला आली नाहीस म्हणून नीट सांगतो. तो शनिवार आठवतोय ना? सुहासिनीबाईंनी त्या आठवड्यात समबडी, एनीबडी, एव्हरीबडी, नोबडी शिकवलेलं. मग नेहमीसारखा त्यांचा जुना बिस्किटाचा डबा फिरला. एकेक वाक्य लिहायचं, आत टाकायचं. नाव कोणाचंच नाही, स्वतःचं नाही, दुसऱ्याचं पण नाही. बाई वाचणार, चूक लाल खडूने फळ्यावर सुधारणार, आणि कोणी लिहिलं ते मरेपर्यंत विचारणार नाहीत. तूच मला बोललेलीस, की मराठीत जे आईला सांगता येत नाही ते इंग्लिशमध्ये डब्याला सांगता येतं. मी तेव्हा हसलो होतो.

त्या दिवशी "नोबडी इट्स माय भेंडी" वाचून सगळे हसले. ते सपनाताईंचं होतं, नाव नसलं तरी भेंडी त्यांचीच. मग बाईंनी माझी उघडली.

"समबडी इन धिस क्लास इज अ लायर. एव्हरीबडी नो इट."

म्हणजे इथे कोणीतरी खोटारडा आहे आणि सगळ्यांना ते माहीत आहे. बाईंनी फळ्यावर 'नो' ला एस लावला. म्हणाल्या, "एव्हरीबडी म्हणजे सगळे, पण इंग्लिशमध्ये तो एकटाच धरायचा." कोणी वहीत लिहून घेतलं नाही. मंडळाच्या हॉलमध्ये एवढी शांतता मी कधी बघितली नाही, आणि तिथे तर मागे गणपतीचे स्पीकर ठेवलेत. तू पाच मिनिटांत बॅग घेऊन गेलीस. मला वाटलं पोटात दुखतंय.

ती तुझ्यावर नव्हती गं. निहारवर होती. त्याचं मला काहीतरी कळलं होतं. काय ते सांगत नाही, त्याची इज्जत जाईल.

त्याच रात्री आपलं जिन्यात भांडण झालं. मी बोललो, जा ना त्याच्याकडेच, त्याच्याशीच बोल तुझं एअरपोर्टचं इंग्लिश. तू बोललीस, तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. मला वाटलं तू त्या भांडणावरून आत्याकडे गेलीस. आज कळतंय की चिठ्ठीवरून. का ते मला अजून कळलेलं नाही. तुझं कसलं खोटं? अंधेरीला एअरपोर्टची नोकरी लागली तेव्हा एप्रिलमध्ये पूर्ण बिल्डिंगला पेढे मी वाटलेत, चार मजले, लिफ्ट बंद. कामावरून यायचीस तेव्हा अंगाला सुकटीचा वास यायचा म्हणून मी चिडवायचो, की विमानात सुकट भरता काय. त्याचा राग असेल तर सॉरी.

आणि कालचं ऐक. तू गेल्यावर दोन आठवडे वर्गाची वाट लागली. बावीस माणसं, प्रत्येकाला वाटलं चिठ्ठी आपल्यावरच आहे. सपनाताई बाईंना बाजूला घेऊन म्हणाल्या, मी चोवीस सांगितलं पण मी एकतीस आहे. काल तर काशीरामकाका उभे राहिले. ते सगळ्यांना सांगायचे ना, टॉवरमध्ये सुपरवायझर आहे म्हणून? हात पाठीमागे बांधून, एकेक शब्द मोजून बोलले, "आय अॅम नॉट सुपरवायझर. आय अॅम वॉचमन. सॉरी एव्हरीबडी." आणि चपला घालायला लागले. नातीशी इंग्लिश बोलायचं म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकणारा माणूस.

बाईंनी डबा टेबलावर आपटला. पहिल्यांदा विचारलं, "कोणी लिहिली?" म्हणाल्या, ज्याने लिहिली त्याने उद्यापासून या वर्गात यायचं नाही.

मी उठणार होतो. खरंच. पाय अर्धा उचललेला. तेवढ्यात निहार, बाईंचा भाचा, बोरिवलीवरून आपल्या वह्या तपासायला येणारा देवमाणूस, उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, मी लिहिली. गंमत म्हणून. चुकलं माझं."

काकांनी चपला काढल्या. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बाई पण म्हणाल्या, कबूल केलंस ना, मग येत जा वह्या तपासायला.

तर आता तुला खरं कळलं. माफी परत घे त्याच्याकडून. मला नको देऊस, पण त्याला पण नको.

प्रीतम


बुधवार, ९ जुलै

श्रुतिका,

दहा दिवस झाले. पोस्टमन रोज माझ्या दुकानासमोरून जातो, मी रोज विचारतो, काल तो बोलला, "भाऊ, प्रेमप्रकरण आहे का?" मी म्हटलं नाही, कोर्टाची नोटीस येणारे.

मागच्या पत्रात एक खोटं होतं. निहारचं मला काही कळलं नव्हतं. काहीच नाही. दोन महिने मी शोधत होतो. त्याच्या मागे एकदा बोरिवलीच्या बसमध्ये पण बसलो, तो आजोबांना जागा देऊन उभा राहिला आणि पूर्ण वेळ कसलं तरी पुस्तक वाचलं. डोक्यात जातो असा माणूस. मग म्हटलं कोणाचं ना कोणाचं काहीतरी असतंच, अंधारात दगड मारू, लागला तर ओरडेल.

सगळ्यांना लागला. त्यालाच नाही लागला. त्या शनिवारी बाई वाचत होत्या तेव्हा मी फक्त त्याचं तोंड बघत होतो. तो माझंच मागच्या आठवड्याचं वाक्य तपासत होता. बावीस जणांत एकट्याच्या कपाळावर आठी नाही. म्हणून मी तुझ्याकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर कदाचित कळलं असतं.

आता कशासाठी केलं ते पण लिहितो. हे वाचून झालं की पान चुलीत टाक. आत्याकडे चूल आहे ना अजून?

क्लासला जायची आयडिया तुझी होती. मी बारावीत इंग्लिशला दोनदा गचकलेला माणूस, झेरॉक्सच्या दुकानात बसतो, मला कशाला इंग्लिश? मी आलो कारण येताना-जाताना पंधरा मिनिटं तुझ्याबरोबर चालायला मिळायची. येताना तू पाठ केलेलं बडबडायचीस, जाताना आपण शेवपुरी खायचो. मग हा आला. तुझ्या इंटरव्ह्यूची तयारी करून घ्यायला लागला. जाताना पण तुम्ही दोघं इंग्लिशमध्ये, आणि मी मागे, तुमच्या दोन बॅगा धरून. शेवपुरीवाल्याने एकदा मला विचारलं, "साहेबांना तिखट चालेल का?" त्याचं. मला विचारलं, त्याचं.

तू एकदा म्हणालीस, निहारशी बोलताना चुकलं तरी लाज वाटत नाही. मी वीस वर्षं शेजारी राहतो. माझ्यासमोर तुला कसली लाज वाटायची ते कधी बोलली नाहीस.

बिल्डिंगमध्ये माझी मस्करी सगळ्यांना माहितीये. लिफ्टवर "आजपासून लिफ्ट फक्त वर जाईल" लावलेलं ते सगळे हसले होते. मला वाटलं ही पण तशीच. पण मस्करी करताना मी कागद लपवत नाही. ती चिठ्ठी मी हाताने झाकून लिहिली. तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

काशीरामकाका आता निहारसाठी घरून नाचणीची भाकरी आणतात. "पोराने मन मोठं केलं," म्हणतात. मी समोर बसून बघतो. माझ्या पापाची भाकरी तो खातो.

काहीतरी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल, मालवणीत लिही, जास्त लागतात.

प्रीतम


शुक्रवार, १८ जुलै

श्रुतिका,

तुझं पत्र आलं. दोन ओळी. "माझ्या नोकरीचं तुला कोणी सांगितलं? मी फक्त निहारला सांगितलंय."

मी ते काउंटरवर उघडलं, समोर गिऱ्हाईक आधारकार्ड धरून उभं. पहिल्यांदा वाचलं, कळलं नाही. कसलं सांगितलं? दुसऱ्यांदा वाचलं. मग सुकट आठवली.

नोकरी लागलीच नव्हती ना?

तुला सिलेक्ट केलंच नाही. आणि तू घरी हो सांगितलंस, काकूंनी पेढे आणले, मी चार मजले वाटले, मग परत फिरायला जागाच उरली नाही. रोज सकाळी तो निळा स्कर्ट, केसांचा अंबाडा, आणि जायचीस कुठे? मी काल खारदांड्याला जाऊन आलो. तुझी ती शाळेतली मैत्रीण श्वेता, सुकट विकतात ना ते, तिच्या घरी. तिची आई ओट्यावर बसून सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होती. मी काही विचारलंच नाही. मला बघून त्याच म्हणाल्या, "श्रुतिका बरी आहे ना रे? तिच्याशिवाय हात चालत नाही. बसून गप काम करायची, मधेच इंग्लिशमध्ये विमानाची माहिती सांगायची सोड्यांना."

मी तिथे थोडा वेळ निवडायला बसलो. वास अजून बोटांना आहे.

तर ऐक. निहार सोडला तर कोणाला माहीत नव्हतं. मी लिहिलं "सगळ्यांना माहीत आहे", आणि कोणालाच काही माहीत नव्हतं. काकूंना नाही, बाईंना नाही, बिल्डिंगला नाही, मला तर नाहीच. तू उगाच पळालीस. माझ्यामुळे पळालीस. एप्रिलपासून तू एकटीने ते धरून ठेवलं होतंस आणि मी खेळता खेळता धक्का दिला.

हे लिहिताना खूप वाईट वाटतंय. पण खरं सांगायचं तर त्याच्या आधी, पत्र वाचल्यावर पहिल्यांदा वाटलं ते हे, की निहारला सांगितलंस. पेढे मी वाटले आणि खरं त्याला. एवढा वाईट आहे मी. तू रडत असशील तिकडे आणि मी इकडे मोजतोय कोणाला आधी कळलं.

आणि अजून एक झालंय. परवा दुपारी तो दुकानात आला. माझ्या हातात घडी केलेला कागद दिला.

"हे तुझं आहे," म्हणाला.

मी उघडला. चिठ्ठी. तीच. मी म्हटलं, "माझं कशावरून?"

"मागे बघ."

मागे कोणाच्या तरी पॅनकार्डची काळी पडलेली झेरॉक्स. दुकानातला वाया गेलेला कागद. मी नेहमी त्याच्यावरच लिहितो, वह्या कोण विकत घेणार. अख्ख्या वर्गात तसा कागद माझ्याकडेच असतो. बावीस जणांना दिसलं नाही, वह्या तपासणाऱ्याला पहिल्या दिवशी दिसलं.

"म्हणजे तुला चौदा तारखेपासून माहीत होतं?"

"हो."

"मग उभा कशाला राहिलास? हिरो बनायला?"

तो म्हणाला, "मावशी तुला काढणार होती. मला काढून काय होणार, मी शिकायला येतच नाही. श्रुतिका म्हणाली होती, प्रीतमने आजपर्यंत एक गोष्ट पूर्ण केलेली नाही, हा क्लास तरी होऊ दे. तू नवव्या धड्यापर्यंत आला होतास."

मी म्हटलं, "एकच कॉपी काढायची का मागून-पुढून?" तो हसला. चक्क हसला. मला त्याला मारावंसं वाटलं आणि चहा पाजावासा पण वाटला. चहा पाजला. कटिंग. पूर्ण नाही.

तुझ्या नोकरीबद्दल एक शब्द बोलला नाही हे लिहून ठेवतो. मी तीन वेळा काढायचा प्रयत्न केला.

परत ये ना. काकूंना सांगायचं ते तू सांग, नाहीतर नको सांगूस. मी बिल्डिंगमध्ये सांगून ठेवलंय की एअरपोर्टवाल्यांनी तुझी बदली करायला घेतली होती म्हणून तू चिडून सोडतेयस. दुसऱ्या मजल्यावरचे अण्णा म्हणाले, "बरोबर आहे, आम्ही पण असंच सोडलं असतं." खोटं बोलण्यात तुझ्यापेक्षा माझा हात साफ आहे, ते खातं माझ्याकडे दे.

प्रीतम


मंगळवार, २९ जुलै

श्रुतिका,

यावेळी दोन पानं. तुझं अक्षर गिचमिड आहे हे वीस वर्षांत पहिल्यांदा कळलं, तू नेहमी माझ्याच अक्षराला नावं ठेवायचीस.

काकूंना फोनवर नोकरीचं सगळं सांगितलंस, बरं केलंस. त्या काल जिन्यात भेटल्या. डोळे सुजलेले. म्हणाल्या, "नोकरीचं काय रे, लागेल दुसरी. अडीच महिने दुसऱ्याच्या घरी सोडे निवडले पोरीने, आणि माझ्या घरी जेवल्यावर ताट उचलत नव्हती." मग हसल्या, मग परत रडल्या. मी दुधाची पिशवी या वेळेला सरळ धरली होती.

तू ९ तारखेला येतेयस. शनिवार. त्या दिवशी रक्षाबंधन आहे, मी कॅलेंडर बघितलं. निहारसाठी एक राखी घेऊन ये. मोठी घे, लाल, लांबून दिसेल अशी. माझ्यासाठी अजिबात आणू नकोस. आणलीस तर मी हात खिशातून काढणार नाही, दिवसभर, जेवणार पण नाही.

पण तुझ्या दुसऱ्या पानावर जे आहे त्याने माझी झोप उडालीये. तू लिहितेस, "क्लासला आल्या आल्या मी सगळ्यांना सांगणार की चिठ्ठी निहारने लिहिली नव्हती. त्याच्यावर अन्याय झालाय."

अगं बाई, थांब.

जरा विचार कर काय होईल. आत्ता तो चिठ्ठी लिहून कबूल करणारा चांगला मुलगा आहे. एवढ्यावर त्याला भाकरी मिळते. उद्या कळलं की त्याने लिहिलीच नव्हती, दुसऱ्यासाठी अंगावर घेतली, तर? सपनाताई त्याची आरती करतील. काका नातीला त्याच्या पाया पडायला लावतील. बाई फळ्यावर त्याचं नाव लिहितील. आणि तू त्याच्याकडे बघशील, मला माहितीये कशी बघशील, मान थोडी वाकडी करून. ते मला समोर बसून बघावं लागेल.

हे पहिलं कारण. हे वाईट आहे, मला माहितीये. खरं कारण खाली आहे.

परवाच्या शनिवारी काकांनी मला हॉलबाहेर विचारलं, "प्रीतम, त्या दिवशी मी इंग्लिशमध्ये बोललो ते बरोबर होतं का रे?" मी म्हटलं, "काका, सुपरवायझरच्या आधी 'अ' पाहिजे, बाकी झकास." ते म्हणाले, "'अ' राहू दे. मी नातीला फोनवर तेच बोलून दाखवलं. आय अॅम वॉचमन. ती म्हणाली, आय नो, आबा." मग म्हणाले, "बोलल्यावर छाती हलकी होते रे. पण आपण स्वतः बोलायला पाहिजे. दुसऱ्याने बोलून उपयोग नाही."

मी त्यांना सोडायला टॉवरच्या गेटपर्यंत गेलो. त्यांच्या केबिनमध्ये वही होती, त्यात पानभर तेच एक वाक्य, रोज एकदा लिहिलेलं.

तेव्हापासून मी पण लिहितोय. झेरॉक्सच्या मागे, सवयीने. "समबडी रोट द चिठ्ठी" लिहून बघितलं. ते सोपं होतं, समबडीच्या मागे कोणी पण लपू शकतो. दीड महिना मी तेच केलं. मग समबडी खोडलं आणि 'आय' लिहिलं. एक अक्षर आहे, श्रुतिका, आणि तिथेच पेन अडतं. पुढचं सगळं येतं. रोट येतं, सॉरी येतं, एव्हरीबडीच्या पुढचं 'नो' पण आता एस लावून येतं.

निहारने घेतलं ते मला परत पाहिजे. पहिल्या पत्रात पाहिजे होतं ते माफी त्याला मिळाली म्हणून. आता तसं नाही. थोडं तसं पण आहे. पण तू सांगितलंस तर ते परत त्याचंच होईल, त्याचा मोठेपणा होईल, आणि मी नुसता कोणीतरी राहीन ज्याला त्याने वाचवलं. मला उभं राहायचंय, हात पाठीमागे बांधून, काकांसारखं. बाईंनी काढलं तर काढू दे. दहावा धडा मी निहारकडून बाहेर शिकेन, कटिंगवर. फुकट सोडणार नाही त्याला.

फक्त ९ तारखेपर्यंत वाक्य बसेल असं वाटत नाही. सोळाला बसेल. नक्की तेवीसला.

तोपर्यंत बोलू नकोस गं. पाया पडतो. बाईंना नको, सपनाताईंना नको, काकूंना तर नकोच, त्या जिन्यात भेटतात. काशीरामकाकांना अजिबात नको, ते मला गेटपर्यंत सोडायला येऊ देणार नाहीत. निहारला सगळं माहितीये, पण मी उठणार आहे हे माहीत नाही, त्याला पण नको सांगूस. नाहीतर तो माझ्या आधी उठेल. त्याचा भरवसा नाही.

कोणाला नको, श्रुतिका. कोणालाच.

प्रीतम